शिंपल्याचें सोंग घेतलेला जीव

पावसाळा लागला कीं एक जुनी गोष्ट मला हटकून आठवते, आणि आठवली म्हणजे थोडी लाजही वाटते. ह्या सदरांत आजवर मीं दुसऱ्यांच्या चुका पुष्कळ सांगितल्या. आज स्वतःची एक सांगून मग विषयाकडे वळतों.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची हकीकत आहे. वर्धेच्या खोऱ्यांतील एका खेड्यांतल्या शाळेंत मी संस्कृत आणि मराठी शिकवीत असें. शास्त्राचे शिक्षक रजेवर गेले म्हणजे त्यांचा तासही माझ्याच गळ्यांत पडे. अशाच एका श्रावणांतल्या दिवशीं एक विद्यार्थी मैदानावरल्या डबक्याचें गढूळ पाणी बाटलींत भरून घेऊन आला. त्या पाण्यांत मसुरीच्या डाळीएवढे, फिकट तांबूस, जवळजवळ पारदर्शक असे आठदहा शिंपले होते. “गुरुजी, हे शिंपले पोहतात,” तो म्हणाला. मीं बाटली उजेडांत धरून पाहण्याचीही तसदी घेतली नाहीं. “शिंपला चिखलांत रुततो, फार तर सरपटतो. पाणी हालतें म्हणून तुला तसें वाटलें. बैस खालीं,” असें म्हणून मीं पुढला धडा काढला. मुलगा मुकाट्यानें बसला. बाटली दोन दिवस खिडकींत होती; मग कोणीं तरी ओतून टाकिली.

मुलगा खरें बोलत होता आणि मास्तर चुकला होता. ते शिंपले नव्हतेच. हें मला कळलें तें निवृत्तीनंतर, विदर्भांतील जीवाश्मांविषयीं वाचूं लागल्यावर. परंतु त्याबरोबर हेंही कळलें कीं, ह्या जीवानें माझ्याहून फार मोठ्या पंडितांसही असेंच फसविलें आहे. त्या फसवणुकीची, आणि ती उलगडण्याच्या शास्त्राची, आजची कथा आहे.

हा प्राणी कोळंबी-खेकड्यांच्या कुळांतला. इंग्रजींत त्यास क्लॅम श्रिम्प म्हणतात. ह्या लेखापुरतें आपण शिंपकोळंबी म्हणूं. पाठीवर जोडलेल्या दोन झडपांची एक डबी, आणि त्या डबींत अंग मुडपून बसलेली एक चिमुकली कोळंबी, असें तिचें रूप असतें. पानासारख्या चपट्या पायांच्या अनेक जोड्या ती सारख्या हालवीत असते, आणि डोक्याजवळच्या फांटेदार स्पर्शिकांनीं वल्ह्यासारखें पाणी मारून पोहते. बहुतेक जातींची लांबी एका सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. पावसानें भरणारीं आणि उन्हानें आटणारीं डबकीं हें तिचें आवडतें घर. सह्याद्रीच्या कातळसड्यांवरील पावसाळी डबक्यांतही ती सांपडते. पाऊस पडला कीं चिखलांतलीं अंडीं फुटतात, कांहीं आठवड्यांत जन्म, वाढ, संतति असा सारा संसार आटोपतो, आणि पाणी आटतें. प्राणी मरतात, पण अंडीं कोरड्या मातींत वर्षानुवर्षें पडून राहतात व पुढल्या पावसाची वाट पाहतात.

तिच्या कवचाची एक खुबी मात्र नीट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभें आहे. खेकडा वाढतो तेव्हां जुनें कवच सगळें टाकून देतो. शिंपकोळंबीही अंगाची कात टाकते, परंतु झडपा टाकीत नाहीं. जुन्या झडपेच्या आंतून नवी, किंचित् मोठी झडप तयार होते आणि तिची कड जुनीच्या बाहेर डोकावते. प्रत्येक कातीबरोबर एक कड, म्हणजे झडपेवर एक नवी रेघ. अशा रेघांमागून रेघा उमटत जाऊन शेवटीं ती झडप हुबेहूब शिंपल्यासारखी दिसूं लागते. प्राणी मेल्यावर मऊ अंग कुजून जातें. पण कायटिन आणि चुन्याच्या फॉस्फेटचें बनलेलें हें कवच बारीक गाळांत दबून कोट्यवधि वर्षें टिकतें. खडकाचा पापुद्रा उकलावा आणि त्यावर नखाएवढ्या लंबगोलांची दाटी दिसावी, असे थर जगांत अनेक ठिकाणीं आहेत.

त्यांतील दोन ठिकाणें आपल्या विदर्भांत आहेत, आणि त्यांचा शोध एका शाळा चालविणाऱ्या माणसानें लाविला. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे पाद्री १८४५ सालीं नागपुरास आले. धर्मप्रचार आणि शाळा हें त्यांचें नेमलेलें काम. परंतु गोंडांची गीतें आणि चालीरीति टिपून घेणें, आणि वाटेंत दिसेल तो दगड उचलून पाहणें, हे त्यांचे न नेमलेले उद्योग होते. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनीं नागपूरच्या आसपासच्या खडकांविषयीं व जीवाश्मांविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र-मंडळाच्या त्रैमासिकांत छापून आला. नागपूरच्या दक्षिणेस वर्धेच्या खोऱ्यांत मांगली म्हणून गांव आहे. तेथल्या दगडांत एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी सांपडली. तिचें वर्णन त्याच वर्षीं प्रख्यात शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनीं केलें. आणि त्याच मांगलीच्या दगडांत चिमुकलीं, रेघारेघांचीं कवचेंही होतीं. दुसरें ठिकाण म्हणजे प्राणहितेच्या कांठचें, सिरोंच्याजवळील कोटा. तेथल्या चुनखडींत माशांचे जीवाश्म मिळाले होते. तेथेंही तशींच कवचें निघालीं.

हे नमुने विलायतेस टी. रूपर्ट जोन्स यांच्या हातीं पडले. १८६२ सालीं त्यांनीं जीवाश्मरूप शिंपकोळंब्यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या प्राण्यांच्या गणास तेव्हां एस्थेरिया म्हणत. मांगलीच्या कवचांस जोन्स यांनीं एस्थेरिया मांगलीएन्सिस आणि कोट्याच्या कवचांस एस्थेरिया कोटाएन्सिस अशीं नांवें दिलीं. मांगलीचा थर सुमारें पंचवीस कोटि वर्षांपूर्वींचा, म्हणजे डायनोसॉर अवतरण्यापूर्वींचा. कोट्याचा थर मात्र ऐन डायनोसॉर-युगांतला, जुरासिक काळाचा. त्याच खडकांत, नदीपलीकडे आजच्या तेलंगणांत, बारापासॉरस नांवाच्या सुमारें चौदा मीटर लांबीच्या अजस्र प्राण्याचीं हाडें सांपडलीं. १९६१ सालीं, रवीन्द्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, त्याचें उत्खनन चाललें होतें, म्हणून १९७५ सालीं नांव देतांना त्यास टागोरांचें नांव जोडण्यांत आलें. त्याचा सांगाडा कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत उभा आहे. तो पाहावयास लोक लांबून येतात. त्याच काळच्या तळ्यांतील ही नखाएवढी कोळंबी पाहावयास कोणी जात नाहीं. परंतु खडकास त्याचें वय विचारावयाचें असेल तर साक्ष बहुधा तिचीच घ्यावी लागते. तें कसें, तें पुढें येईलच.

आतां फसवणुकीकडे वळूं. १८३३ सालीं त्सीटेन नांवाच्या जर्मन विद्वानानें तिकडल्या ट्रायासिक खडकांतील अशाच एका इवल्याशा कवचाचें वर्णन केलें, आणि त्यास पोसिडोनिया मिनूटा असें नांव दिलें. पोसिडोनिया हा खऱ्या शिंपल्यांचा, आणि तोही समुद्रांतल्या शिंपल्यांचा गण. ग्रीकांच्या सागरदेवतेचें नांवच त्यांत आहे. म्हणजे माझी जी चूक, तीच ह्या विद्वानाची. मात्र त्याच्या चुकीचा विस्तार मोठा होता. शिंपला समुद्राचा म्हटला कीं तो ज्या खडकांत आहे तो खडक समुद्रतळाचा ठरतो. तोच जीव शिंपकोळंबी ठरला कीं तेथें समुद्र नव्हता, गोड्या किंवा मचूळ पाण्याचें तळें होतें, कदाचित् पावसाळी डबकें होतें, असें म्हणावें लागतें. एका नखाएवढ्या वस्तूचें नांव चुकलें तर नकाशावर नसलेला समुद्र निर्माण होतो! जोन्स यांनीं जिवंत शिंपकोळंब्यांचीं कवचें आणि जीवाश्म सूक्ष्मदर्शकाखालीं शेजारीं शेजारीं तपासलीं, आणि झडपेची घडण शिंपल्याची नसून कोळंबीच्या कुळांतली आहे हें दाखवून दिलें. आज त्या जर्मन जीवास यूएस्थेरिया मिनूटा म्हणतात.

प्राणी कोणत्या कुळांतला एवढें ठरल्यानें काम संपत नाहीं. खरी कसोटी पुढेंच आहे. खडकांत मिळालेलें कवच पूर्वीं वर्णिलेल्या जातीचें आहे कीं सर्वस्वी नव्या जातीचें? आणि येथें, वाचकहो, मला माझ्या जुन्या तर्कसंग्रहाची आठवण होते. अन्नंभट्टाचा हा छोटा ग्रंथ ज्यांनीं पाठशाळेंत अभ्यासिला असेल त्यांस लक्षणाचे तीन दोष ठाऊकच असतील. गाईचें लक्षण करावयाचें आहे. ‘जी कपिल वर्णाची ती गाय’ असें म्हटलें तर पांढऱ्या व काळ्या गाई सुटतात, ही अव्याप्ति. ‘जिला शिंगें ती गाय’ म्हटलें तर म्हैसही आंत येते, ही अतिव्याप्ति. ‘जिला एकच खूर ती गाय’ म्हटलें तर एकही गाय सांपडत नाहीं; हा असंभव. गळ्याची पोळी हें मात्र गाईचें निर्दोष लक्षण होय. नवी जाति स्थापन करणारा शास्त्रज्ञ दुसरें काय करतो? तो आपल्या जीवाश्माच्या गळ्याची पोळी शोधीत असतो.

आणि येथें शोध फार कठीण असतो. जिवंत शिंपकोळंबीच्या जाति ओळखतांना तिचे पाय, डोकें, शेपटाकडील कांटे, अंड्यांचीं टरफलें अशीं अनेक अंगें तपासतां येतात. जीवाश्मांत तीं बहुधा नसतातच. उरतें तें एक कवच. तेव्हां कवचाचा आकार लंबगोल कीं वाटोळा, पाठीची कड सरळ कीं कमानदार, कवच जेथून वाढूं लागलें तो उंचवटा मध्यावर कीं पुढच्या टोकाशीं, रेघा किती व त्यांमधील अंतर सारखें कीं कडेकडे दाट होत जाणारें, हें सारें मोजून लिहावें लागतें. कांहीं गणांत त्या उंचवट्यावर एक गांठ असते, कांहींत उंचवट्यापासून कडेपर्यंत पंख्याच्या काड्यांसारखे कंगोरे जातात. परंतु सर्वांत मोलाची साक्ष असते ती दोन रेघांमधल्या पट्ट्यांतील नक्षीची. कोठें मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, कोठें सुईच्या टोंचणीसारखे खळगे, कोठें उभ्या बारीक शिरा, आणि कोठें वरच्या पट्ट्यांत जाळी व खालच्या पट्ट्यांत शिरा. हातांतल्या भिंगानें ही नक्षी नीट दिसत नाहीं. इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शक वापरांत आल्यापासून ती हजारो पटींनीं मोठी करून पाहतां येते, आणि तेव्हांपासून जुनीं कवचें कपाटांतून काढून पुन्हां तपासण्याचें काम सुरू झालें. पूर्वीं एक समजलेल्या जाति ह्या तपासणींत निराळ्या निघतात आणि निराळ्या समजलेल्या एक ठरतात.

लक्षणाचे दोष येथें कसे शिरतात तें पाहूं. ‘बारा रेघा असलेली ती नवी जाति’ असें कोणीं म्हटलें, तर त्याच जातीचीं लहान पोरें, ज्यांच्या अंगावर अजून सहाच रेघा उमटल्या आहेत, तीं बाहेर पडतात. ही अव्याप्ति. नुसती ‘जाळीदार नक्षी’ म्हटली तर दहा जाति आंत येतात. ही अतिव्याप्ति. म्हणून एका कवचावर विसंबून चालत नाहीं. लहानथोर अनेक नमुने मोजून, लांबीचें उंचीशीं प्रमाण काढून, वाढीबरोबर तें कसें बदलतें हें पाहावें लागतें.

दुसरा घोटाळा नर-मादीचा. जिवंत शिंपकोळंब्यांच्या कांहीं जातींत नराचें व मादीचें कवच आकारानें निराळें असतें. एकाच पापुद्र्यावर दोन आकारांचीं कवचें आढळलीं, आणि दोहोंवरची नक्षी एकच असली, तर तेथें दोन जाति होत्या कीं एकाच जातीचीं जोडपीं होतीं? घाईनें लिहिणारा दोन नांवें देऊन मोकळा होतो. सावध माणूस प्रथम जिवंत प्राण्यांत असा भेद किती असतो तें मोजतो.

तिसरा घोटाळा खडकाचा. समजा, एक कवच सहा मिलिमीटर लांब आणि चार मिलिमीटर उंच होतें. म्हणजे उंची लांबीच्या दोन-तृतीयांश. खडकावर पुढें बाजूनें दाब आला आणि त्याची लांबी एक-षष्ठांशानें आटली; तर तेंच कवच आतां पांच बाय चार, म्हणजे उंची लांबीच्या चार-पंचमांश झाली. लंबगोल होतें तें वाटोळें दिसूं लागलें, आणि प्राणी मेल्यावर कोट्यवधि वर्षांनीं त्याची ‘नवी जाति’ निपजली! ह्यावर उपाय साधा आणि सुंदर आहे. पापुद्र्यावर कवचें सर्व दिशांस तोंडें करून पडलेलीं असतात. एका दिशेस तोंड केलेलीं सगळीं वाटोळीं आणि आडवीं पडलेलीं सगळीं निमुळतीं दिसलीं, तर करामत जीवाची नव्हे, खडकाची समजावी. चौथा घोटाळा ठशाचा. कधीं कवचाची बाहेरची बाजू मिळते, कधीं आंतल्या बाजूचा नुसता ठसा. दोहोंवरची नक्षी सारखी नसते. नाण्याच्या छाप व कांट्यास दोन नाणीं समजण्यासारखाच हा प्रकार.

इतक्या सगळ्या चाळण्यांतून जें कवच उरतें, जें कोणत्याही ज्ञात जातीशीं जुळत नाहीं, त्यासच नवें नांव देण्याचा अधिकार मिळतो. तेथेंही मन मानेल तसें चालत नाहीं. प्राण्यांच्या नांवांसाठीं आंतरराष्ट्रीय नियमावलि आहे. तिची चौथी आवृत्ति २००० सालच्या १ जानेवारीपासून अंमलांत आहे. लिनीअसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १७५८ सालापासून, नांवांची मोजदाद होते. लेखकानें एक नमुना आदर्श म्हणून नेमावा, तो कोठें ठेविला आहे तें सांगावें, लक्षण लिहावें, जवळच्या जातींशीं तुलना करावी आणि तें सर्व प्रसिद्ध करावें. पुढें शंभर वर्षांनीं वाद उपस्थित झाला, तर शब्दांवर नव्हे, त्या आदर्श नमुन्यावर निकाल लागतो.

आणि जें नांव आधीं छापलें गेलें त्याचा मान पहिला. जुन्या एकत्र कुटुंबांत नव्या सुनेचें माहेरचें नांव घरांतल्या एखाद्या जावेचेंच असलें, तर धाकटीचें नांव बदलीत. तसाच कांहींसा हा नियम आहे. एस्थेरिया हें नांव शिंपकोळंबीच्या गणास १८३७ सालीं मिळालें. पण त्यापूर्वीं सात वर्षें, १८३० सालीं, एका फ्रेंच विद्वानानें तें नांव माश्यांच्या एका गणास देऊन टाकिलें होतें. झालें! धाकट्या एस्थेरियेस नांव सोडावें लागलें, आणि तिच्या प्रजेची निरनिराळ्या गणांत वांटणी झाली. जोन्स यांच्या ग्रंथाचें शीर्षकसुद्धां आज जुन्या नांवाचें स्मारक होऊन राहिलें आहे. परंतु ह्या व्यवस्थेंतली एक गोष्ट मला फार आवडते. चुकीचें नांव पुसून टाकीत नाहींत. तें समानार्थी नांवांच्या यादींत, देणाऱ्याच्या नांवासह व सालासह, कायम राहतें. कोणीं केव्हां काय म्हटलें आणि कोणीं तें दुरुस्त केलें, हें सर्वांस दिसतें. त्यांत चुकणाऱ्याची नाचक्की नसते. दुरुस्तीचा मार्ग तेवढा मोकळा राहतो.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें घरांतील व्यवहारी मंडळी विचारतील. उत्तर असें कीं, समुद्रांतल्या खडकांचें वय सांगावयास समुद्रांतले जीवाश्म पुष्कळ आहेत; परंतु भूमीवरल्या तळ्यांच्या थरांत ते मिळत नाहींत. तेथें शिंपकोळंबी उपयोगी पडते, कारण ती दूरवर पसरते, थव्याथव्यांनीं सांपडते, आणि कालांतरानें तिच्या जाति बदलत जातात. मांगलीच्या जातीचें नांव जर्मनींतील पूर्व-ट्रायासिक थरांतल्या कवचांसही लावण्यांत आलें आहे. आपल्या एका खेड्याचें नांव घेऊन तिकडले लोक आपल्या खडकांची पायरी ठरवितात. ईशान्य चीनच्या सोंगल्याव खोऱ्यांत, जेथें १९५९ सालीं दाचिंगचें मोठें खनिज तेलक्षेत्र सांपडलें, तेथले क्रिटेशियस काळचे थर एकमेकांशीं जुळविण्यास ह्याच कवचांचा आधार घेतात. जवळच्याच ल्याओनिंग प्रांतांत १९९६ सालीं पिसांसारखें आवरण असलेल्या डायनोसॉरचें वर्णन झालें आणि जगभर खळबळ उडाली. त्याच थरांत, मासे आणि किड्यांच्या सोबतीनें, इओसेस्थेरिया नांवाच्या शिंपकोळंबीचीं असंख्य कवचें आहेत. त्या गणांतील एक जाति, मिडेनडॉर्फी, जोन्स यांनीं त्याच १८६२ च्या ग्रंथांत सैबीरियांतील नमुन्यांवरून वर्णिलेली आहे.

आणखी एक उपयोग सांगतों. पॉल टॅश नांवाच्या अमेरिकन संशोधकानें अंटार्क्टिका, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आपला देश येथील जीवाश्मरूप शिंपकोळंब्या तपासून १९८७ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गोड्या पाण्याचा हा जीव खारा समुद्र पोहून जाऊं शकत नाहीं. तेव्हां समुद्रांनीं दुरावलेल्या भूखंडांवर सारख्या जाति आढळल्या, तर ते भूखंड एके काळीं जोडलेले होते, असा त्यांतील युक्तिवाद. ज्या जोडलेल्या भूमीस शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात, तें नांवही आपल्या गोंडांच्या प्रदेशावरूनच पडलेलें. मात्र येथेंही तर्क जपून करावा लागतो. कोरडीं अंडीं धुळीबरोबर वाऱ्यानें उडतात, पक्ष्यांच्या पायांच्या चिखलांतून प्रवास करतात. म्हणून शिंपकोळंबीची साक्ष घ्यावी, पण इतर साक्षीदारांशीं ताडून घ्यावी.

आतां शेवटची गोष्ट, आणि ती पुन्हां नागपूरचीच. हिस्लॉप यांनीं दगडांबरोबर नागपूरच्या पाण्यांतले जिवंत जीवही गोळा करून पाठविले होते. त्यांतल्या एका शिंपकोळंबीस विल्यम बेअर्ड यांनीं १८५९ सालीं हिस्लॉप यांचेंच नांव दिलें. पुढें १८८७ सालीं नॉर्वेच्या सार्स यांनीं ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सुक्या चिखलांत पाणी घालून हेच जीव वाढविले, आणि त्यांच्यासाठीं सायक्लेस्थेरिया हा नवा गण केला. ही कोळंबी आपल्या भगिनींहून निराळी. तिचीं पिलें आईच्या कवचांतच पुरतीं घडून बाहेर पडतात. उष्ण कटिबंधांत सर्वत्र ती आढळते आणि कवच सर्वत्र सारखेंच दिसतें, म्हणून शंभराहून अधिक वर्षें ती एकच जाति मानली गेली. २०१३ सालीं तिच्या निरनिराळ्या देशांतील वंशांची आनुवंशिक द्रव्यें तपासलीं, तेव्हां असें दिसलें कीं ही एक जाति नव्हे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या अनेक जातींचा हा समूह आहे, आणि त्यांच्या शाखा क्रिटेशियस काळीं, डायनोसॉर हयात असतांनाच, फुटल्या होत्या.

ह्याचा अर्थ काय, तें पाहा. जिवंत प्राणी हातांत असतां, दीडशें वर्षें पाहूनही, केवळ कवचावरून ज्या जाति कोणास निराळ्या करतां आल्या नाहींत, त्या कोट्याच्या चुनखडींत गाडल्या गेल्या असत्या तर आपण त्यांस खात्रीनें एकच म्हटलें असतें. जीवाश्मांच्या जाति म्हणजे कवचानें जेवढें सांगितलें तेवढ्यापुरत्या जाति. शास्त्रज्ञ हें जाणतात, म्हणूनच ते आपल्या लक्षणाखालीं आदर्श नमुना ठेवून देतात आणि पुढच्यास म्हणतात, पाहा, तुला अधिक दिसलें तर सांग.

हिस्लॉप १८६३ सालीं, अवघ्या शेचाळिसाव्या वर्षीं, पूर आलेला ओढा घोड्यावरून ओलांडतांना वाहून गेले. नागपुरांतील महाविद्यालयाच्या पाटीवर त्यांचें नांव आहे. पण पावसाळ्यांत पाणी भरलें कीं त्यांच्या नांवाचा तो जीव कोठें ना कोठें हालत असतो, हें मला अधिक चिरंतन स्मारक वाटतें.

असो. गेल्या वर्षीं त्या जुन्या विद्यार्थ्यास मीं पत्र लिहिलें. तो आतां चाळिशी ओलांडलेला, त्याच गांवीं शेती करणारा गृहस्थ आहे. लिहिलें कीं, अमुक सालीं तूं बाटलींत आणलेले जीव पोहत होते; तुझें खरें होतें, मीं न पाहतां तुला खालीं बसविलें, ही माझी चूक. आठ दिवसांनीं त्याचा दूरध्वनि आला. “गुरुजी, मला तें आठवतें,” तो म्हणाला, “मी त्यानंतर वर्गांत कधीं कांहीं आणलें नाहीं.” क्षणभर दोघेही गप्प होतों. मग तोच म्हणाला, “माझी धाकटी मुलगी डबक्यांतलें काय काय आणते. तिला तुमचें पत्र वाचून दाखवितों.”

ज्या घरांत मुलें आहेत त्या घरांस एवढीच विनंति. ह्या पावसाळ्यांत कोणी मूल बाटली घेऊन आलें, तर ती आधीं उजेडांत धरून पाहावी. नांव मग सांगावें.